घरी फोन लाव

डॉक्टरेटचं प्रमाणपत्र बॅगेत घालून मी बेंगळुरूत आले आणि दुसऱ्याच आठवड्यात एका डिप्लोमा झालेल्या बाईंनी मला नापास केलं. एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा माझी आई जळगावहून फोनवर ऐकत होती, त्यामुळे घरी लपवायचीही सोय राहिली नाही.

त्या बाई म्हणजे गिरिजाक्का. पूर्ण नाव गिरिजा मोहिते, आमच्या संशोधन संस्थेतल्या क्लीनरूमच्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ. क्लीनरूम म्हणजे हवेतली धूळ सतत गाळून काढलेल्या खोल्यांची एक रांग. तिथे सिलिकॉनच्या चकचकीत चकत्यांवर काम चालतं. त्या चकत्यांना वेफर म्हणतात. काम इतकं बारीक की धुळीचा एक कण पडला तरी त्याखाली शंभर रेघा गाडल्या जातात. आत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, तोंडाला मास्क, हातात मोजे. आणि या सगळ्याच्या आधी गिरिजाक्का.

अक्कांची पद्धत ठरलेली होती. नवा माणूस आला, मग तो विद्यार्थी असो, प्राध्यापक असो की एखाद्या कंपनीचा मालक असो, त्या त्याच्या हातात एक कागद ठेवत. कागदावर पाच शब्द: नॅनोमीटर, थिन फिल्म, लिथोग्राफी, एचिंग, कंटॅमिनेशन. "वाचून ये," म्हणत. दोन दिवसांनी तो आला की बुटांच्या रॅकजवळच्या बाकावर त्याला बसवत आणि सांगत, "घरी फोन लाव." घरी म्हणजे आई, बाबा, आजी, मावशी, विज्ञान न शिकलेलं कुणीही. फोन स्पीकरवर ठेवायचा, घरच्या भाषेत बोलायचं आणि अक्का सांगतील तो शब्द पलीकडच्याला समजावून द्यायचा. पलीकडून त्या शब्दाबद्दल प्रश्न आला की तुम्ही पास.

"समजलेला माणूस विचारतो," अक्का म्हणत. "नाही समजलं की हं हं करतो. आपल्याला बरं वाटावं म्हणून."

या नियमामुळे त्यांना कुठल्याही भाषेत परीक्षा घेता यायची. असमिया त्यांना ओ की ठो कळत नव्हती, पण पलीकडच्या म्हाताऱ्याचा आवाज वर चढून थांबला की त्यांना कळायचं, प्रश्न आला. मग त्या विद्यार्थ्याला विचारत, काय विचारलं रे? आणि प्रश्न कामाचा असला तर "आयतु" म्हणत. आयतु म्हणजे कन्नडमध्ये झालं. ते ऐकायला लोक दोन-दोन आठवडे थांबत.

माझ्या वाट्याला पहिल्यांदा नॅनोमीटर आला. मी मनात हसले. ज्या विषयात माझे पेपर छापून आले होते त्यातली ही बाराखडी. मी आईला म्हणाले, "आई, मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर." पुढे दहाचा वजा नववा घातही सांगून टाकला.

आई म्हणाली, "छान बोलतेस गं. जेवलीस का?"

मी अक्कांकडे पाहिलं. "प्रश्न आला की."

"जेवणाचा आला," अक्का म्हणाल्या. "नॅनोमीटरचा नाही. परवा ये, मा."

दुसऱ्या खेपेला मी जय्यत तयारीने गेले. केसाची जाडी किती, रक्तातल्या पेशीची किती, विषाणूची किती, सगळं पाठ होतं. आईने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि अकरा वेळा "हं" म्हणाली. अकराच होते हे मला नक्की माहीत आहे, कारण अक्का समोर बसून बोटांवर मोजत होत्या.

तिसऱ्या वेळी त्यांनी मला लिथोग्राफी दिली आणि फोन लावायच्या आधी एकच गोष्ट विचारली. "तुझी आई काय करत होती?" मी सांगितलं, शाळेत शिवण शिकवायची. "सरी," एवढंच त्या म्हणाल्या, म्हणजे बरं. एवढ्यावरून माझं मला कळायला हवं होतं, आणि कळलं. मी आईला सांगितलं, कापड कापायच्या आधी तू खडूने आखून घेतेस ना, तशी वेफरवर आधी उजेडाने आखणी करतात. ती लिथोग्राफी. मग आखल्याप्रमाणे नको तेवढा भाग रसायनाने खाऊन टाकतात. ते एचिंग.

मग आई म्हणाली, "पण काय गं, उजेडाची रेघ तुझ्या कामापेक्षा जाड असली तर?"

माझ्या विषयात जगभरची माणसं याच प्रश्नाशी झटत आहेत. शिवणाच्या बाईंनी तो पाच मिनिटांत काढला. अक्कांनी "आयतु" म्हटलं, पण माझ्याकडे बघून नाही, फोनकडे बघून. तेव्हापासून आई प्रत्येक फोनला आधी अक्कांची चौकशी करते, माझी नंतर.

आमची खरी ओळख मेट्रोत झाली. मी व्हाइटफील्डला राहते. अक्का के. आर. पुरमला चढायच्या. मी त्यांच्यासाठी जागा धरून ठेवायचे आणि त्या ती दुसऱ्याच कुणालातरी देऊन टाकायच्या. उभ्याने बोलायला त्यांना आवडायचं. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते मराठी आहे हेच कळायला दोन स्टेशनं गेली. त्यांचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले होते. "परत जायचं कुणी सांगितलंच नाही," अक्का म्हणायच्या. घरात मराठी टिकलं, पण त्यात कन्नड असं मुरलं होतं की कुठलं कुठे संपतं ते सांगता येऊ नये. स्वल्प म्हणजे जरा, बेडा म्हणजे नको, शिवाय सरी आणि आयतु.

"तुझ्या मराठीत मराठी स्वल्प कमी आहे, मा," त्या एकदा म्हणाल्या.

मी म्हटलं, "आणि तुमच्या मराठीत कन्नड किती आहे."

"कन्नड शेजारची आहे. ती येणार जाणार. तुझी इंग्लिश कोण लागते?"



अक्कांच्या वागण्यातली निम्मी शिस्त धुळीपायी होती. बेंगळुरूतली बाई आणि सोमवार ते शुक्रवार केसात फूल नाही, हे त्यांच्या नात्यागोत्यात मोठं नवल होतं. फुलातून परागकण पडतात. पावडर नाही, कुंकवाऐवजी टिकली, लोकर सुटणारी शाल कामाच्या दिवशी बंद. रविवारी मात्र या सगळ्याची भरपाई व्हायची. एका रविवारी त्या मला भाजीबाजारात भेटल्या तर मोगऱ्याच्या एवढ्या माळा माळलेल्या की मान वळवताना त्यांना त्रास होत होता.

पास झाल्यानंतर एकदा अक्कांसमोर आईला फोनवर कंटॅमिनेशन समजावताना मी म्हटलं होतं, आमच्याकडे सोवळ्यासारखं असतं. फोन ठेवल्यावर अक्का चांगल्याच तापल्या. "सोवळं म्हणू नको. सोवळ्यात माणूस कोण आहे ते बघतात. इथं धूळ किती आहे ते बघतो. तू डॉक्टर असशील, खोलीला तू धूळ आहेस. मी धूळ. डायरेक्टर पण धूळ. सूट घातला की सगळे आत." मी तो शब्द पुन्हा कधी वापरला नाही. मला त्याची लाज वाटली, आणि अक्कांनी ती वाटू दिली हे बरंच झालं.

नॅनो या शब्दावर त्यांचा फार जीव होता. बारीक म्हणजे नॅनो असं कुणी म्हटलं की त्यांना राहवायचं नाही. त्यांच्या टेबलाच्या खणात एक छोटी काचेची बाटली होती, आत कोकम सरबतासारखं लालभडक पाणी. प्रत्येक नव्या बॅचला ती दाखवून त्या विचारत, "हे काय?" कुणी कोकम म्हणे, कुणी बीट, कुणी डाळिंब.

"सोनं," अक्का सांगत. "हेच सोनं गळ्यात पिवळं असतं. काही नॅनोमीटरचे कण करून पाण्यात सोडलं की लाल. कुठला रंग नाही घातला, काही नाही. लहान झालं म्हणून नॅनो नाही म्हणायचं. लहान झाल्यावर स्वभाव बदलला, म्हणून म्हणायचं."

वर्षानुवर्षांचे फोन त्यांच्या तोंडपाठ होते. हुबळीच्या एका मुलाने आईला थिन फिल्म समजावली होती: डोशाचं पीठ तव्यावर घालून पळी फिरवतो ना, तसं इथे वेफरवर थेंब टाकतात आणि तवाच गरागरा फिरवतात, की पातळ थर पसरतो. त्याच्या आईने विचारलं, मग पीठ भिंतीवर उडत नाही? "उडतं," अक्का कौतुकाने सांगत. "म्हणून यंत्राला भोवती भांडं असतं. ज्याने यंत्र केलं त्याला हे सुचायला वेळ लागला असेल. या बाईला लागला नाही."

आणखी एक किस्सा तर आमच्या विभागात सगळेच सांगतात. एक मोठे पाहुणे आले होते, दिल्लीतल्या कुठल्याशा समितीवरचे. त्यांना आत जाऊन फोटो काढायचा होता. अक्कांनी त्यांना बाकावर बसवलं. आमचे डायरेक्टर घामाघूम झाले. पाहुणे मूळचे धारवाडचे निघाले आणि त्यांनी खरंच ऐंशी वर्षांच्या आईला फोन लावला. कन्नडमध्ये नॅनोमीटर समजावला, चांगला समजावला. आईने विचारलं, "एवढं बारीक करून कुणाचं भलं होणार आहे?" अक्कांनी लगेच आयतु म्हटलं. पण पाहुणे उठले नाहीत. आईला उत्तर देण्यात त्यांची वीस मिनिटं गेली आणि ते उत्तर तिला शेवटपर्यंत पटलं नाही. जाताना त्यांनी अक्कांना वाकून नमस्कार केला, फोटो काढायचा राहूनच गेला.

सगळ्यांना हे प्रकरण गोड वाटायचं असं मात्र नाही. क्लीनरूम आता बाहेरच्या कंपन्यांनाही वापरायला मिळू लागली होती. कोरमंगलाच्या एका नव्या कंपनीचा करण नावाचा तरुण दुधातली भेसळ ओळखणारा सेन्सर बनवत होता. हुशार मुलगा, पायाला भिंगरी. त्याची आई हैदराबादला डॉक्टर. डॉक्टर चालणार नाही म्हटल्यावर त्याने काकूला फोन लावला. काकू म्हणाली, "मेसेज करून ठेव, नंतर वाचते." तो तीनदा नापास झाला आणि त्याचे तीन आठवडे गेले. त्याने डायरेक्टरांना एक लांबलचक पत्र लिहिलं. ते मी वाचलं आहे आणि त्यातला एकही मुद्दा खोटा नव्हता. माणसं वाढली आहेत, अक्का एकट्या आहेत, परीक्षा त्यांच्या मर्जीवर चालते, जगात कुठेही अशी पद्धत नाही.

संस्थेने ऑनलाइन परीक्षा तयार केली. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, पास झालात की लगेच दार उघडणारं कार्ड. तोंडी परीक्षा ठेवायची की बंद करायची हे एका गुरुवारच्या बैठकीत ठरणार होतं. त्यात फक्त एका पद्धतीचा प्रश्न नव्हता. अक्कांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, आणि या परीक्षेसाठीच त्यांना दर वर्षी मुदत वाढवून मिळत होती. परीक्षा बंद म्हणजे अक्काही घरी. हे त्यांना माहीत होतं, आम्हाला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

त्यांनी काय केलं, तर माझ्या संगणकावर बसून ती ऑनलाइन परीक्षा दिली. सहा मिनिटांत वीसपैकी वीस. "चांगली आहे," म्हणाल्या. "पण मी एक शब्द बोलले नाही."

त्याच आठवड्यातल्या सोमवारी अक्कांच्या हातून चूक झाली.

ती समजायला थोडं सांगावं लागेल. सोनं आणि सिलिकॉन यांचं तापलेल्या भट्टीत अजिबात जमत नाही. सोन्याचा नुसता स्पर्श झालेला चिमटा भट्टीत जाणाऱ्या वेफरला लागला, तरी ते सोनं उष्णतेने सिलिकॉनमध्ये शिरतं, भट्टीच्या काचेच्या नळीला लागतं आणि पुढे त्या नळीत जाईल तो प्रत्येक वेफर बिघडवतं. डोळ्यांना काहीही दिसत नाही. म्हणून आमच्याकडे चिमटे वेगळे असतात. भट्टीच्या चिमट्याला पांढरी पट्टी, सोन्याच्या चिमट्याला पिवळी. पट्ट्यांचे रंग अक्कांनीच ठरवले होते, वीसेक वर्षांपूर्वी. सोनं पिवळं म्हणून पिवळी. त्यांचं मंगळसूत्रही कामाच्या वेळी बाहेरच्या कपाटात असायचं. "मंगळसूत्र कपाटात, नवरा घरात, दोघे सुखात," असं त्या म्हणायच्या.

आता लिथोग्राफीची खोली. तिथला सगळा उजेड पिवळा असतो, कारण वेफरवर लावलेलं रसायन साध्या उजेडाने खराब होतं. त्या सोमवारी भट्टीच्या खोलीतलं टेबल दुरुस्तीला गेलं होतं. करण अजून पास नव्हता, त्यामुळे त्याचे बारा वेफर अक्कांनीच पिवळ्या खोलीत बसून भट्टीच्या रॅकमध्ये लावले. पिवळ्या उजेडात पांढरं आणि पिवळं अगदी सारखं दिसतं. हे त्यांनी स्वतः शेकडो मुलांना शिकवलं होतं. आणि चिमटा उचलताना त्यांच्या हाताने नेमका पिवळा उचलला.

मंगळवारी सकाळी तो चिमटा घेऊन त्या पांढऱ्या उजेडात आल्या आणि जागीच थांबल्या. मी समोर होते. भट्टीची जबाबदारी माझ्याकडे आहे. त्यांनी चिमटा माझ्यापुढे धरला. करणचे वेफर तोवर रात्रभर भाजून बाहेर आले होते.

मी तेव्हा काय बोलले ते लिहून टाकते, कारण अक्कांबद्दल लिहायचं आणि स्वतःचं तेवढं गाळायचं हे बरं नाही. मी म्हणाले, "अक्का, गुरुवारी बैठक आहे. शुक्रवारी सांगू. तीन दिवसांनी काय बिघडतंय?"

त्यांनी शांतपणे विचारलं, "आज भट्टीत कुणाचे जायचेत?"

मी यादी बघितली. एका विद्यार्थिनीचे होते, तिच्या प्रबंधाचे शेवटचे नमुने.

"मग शुक्रवार कसा, मा?"

त्या बाहेर जाऊन बाकावर बसल्या, त्याच बुटांच्या रॅकजवळच्या, आणि घरी फोन लावला. स्पीकरवर. त्यांचे यजमान बसच्या टायरांचं काम करायचे, आता घरी असतात. अक्कांनी त्यांना त्यांच्या मराठीत सगळं समजावलं, नव्या मुलाने समजावावं तसं, पहिल्यापासून. चिमटा कुठला, उजेड कसला, सोनं आत जाऊन काय करतं.

यजमानांनी विचारलं, "धुवून जायचं नाही का ते?"

"चिमट्याचं जाईल. नळीचं सांगता येत नाही."

"मग आधी जाऊन सांग की. मला काय सांगत बसलीस?"

अक्कांनी फोन ठेवला आणि भट्टीच्या नोंदवहीत लिहिलं: 'सोमवारी मी सोन्याचा चिमटा भट्टीच्या वेफरना लावला. नळी वापरू नये. गिरिजा मोहिते.' मग माझ्याकडे वही सरकवली. मी खाली सही केली. 

गुरुवारच्या बैठकीत त्या पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर बसल्या होत्या, हातात साधी पिशवी. करण समोरच होता. बैठकीच्या अध्यक्षांनी विषय काढायच्या आधी अक्का उठल्या आणि झालेला प्रकार सांगितला. इंग्लिशमध्ये, तुटक पण स्वच्छ. भट्टी तीन आठवडे बंद राहील, नळी काढून आम्लाने धुवावी लागेल, नाही निघालं तर बदलावी लागेल, आणि या मुलाचे बारा वेफर गेले. परीक्षा घेणाऱ्या बाईंनीच परीक्षेतली चूक केली होती, आणि तीसुद्धा याच आठवड्यात. आता बैठकीत उरलंच काय, असं मला वाटलं.

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, मग तुमच्या परीक्षेचा उपयोग काय झाला?"

"चूक थांबवायला नाही झाला," अक्का म्हणाल्या. "ऑनलाइन परीक्षेत मला वीसपैकी वीस आहेत, तिचाही नाही झाला. पट्टीचा रंग ती पण विचारते. हाताला चूक व्हायची ती झाली. पण सकाळी चिमटा बघितल्यावर आत काय झालं असणार ते मला दिसलं, कारण मला ते सांगता येतं. ज्याला सांगता येत नाही तो चिमटा परत खणात ठेवतो."

त्या खाली बसल्या. मग करण बोलला. त्याच्याबद्दल मला धास्ती होती. तो म्हणाला, बारा वेफर गेले याचा मला राग आला आहे आणि तो जाणार नाही. ऑनलाइन परीक्षा हवी हे माझं मत कायम आहे. पण हे मला कळलं नसतं, तर माझे सेन्सर का चुकतात ते शोधण्यात माझं वर्ष गेलं असतं, आणि दोष मी माझ्याच कल्पनेला दिला असता. दोन्ही परीक्षा ठेवा. एवढंच बोलून तो फोनमध्ये बघत बसला. पुढे तोही चौथ्या खेपेला पास झाला, आजोबांना फोन लावून.

दोन्ही परीक्षा राहिल्या. अक्कांना एक वर्ष मिळालं, आणि हे शेवटचं, असं त्यांनी स्वतःच लिहून दिलं. सोन्याच्या सगळ्या चिमट्यांना शेपटीजवळ तारेचं वेढणं बसवलं गेलं, की अंधारातही बोटाला कळावं. आणि त्या पाच शब्दांच्या कागदावर अक्कांनी पेनने सहावी ओळ लिहिली: गिरिजाक्काची चूक.

अध्यक्षांना ते अवघड वाटलं. त्यांनी मला बोलावून विचारलं, हे गरजेचं आहे का. मी अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "पाच शब्द पुस्तकातले आहेत. हा इथला आहे."

तेव्हापासून त्या एका वर्षात आमच्या बाकावरून कितीतरी घरांत त्यांची चूक गेली. तमिळमध्ये गेली, बांगलामध्ये गेली, मणिपुरीत गेली. ज्या घरांत कुणी क्लीनरूम बघितलेली नाही तिथे बेंगळुरूच्या गिरिजाक्का नावाच्या बाईने पिवळ्या उजेडात काय केलं ते माहीत झालं. जळगावला माझी आई ते शेजारणींना सांगते. मी खूप शिकलेली माणसं बघितली आहेत, त्यांची नावं यंत्रांना आणि सभागृहांना दिलेली बघितली आहेत. आपलं नाव आपल्याच चुकीला देऊन ती शिकवायला ठेवणारी एकच बघितली. मला त्यांचा अभिमान वाटतो. त्या माझ्या कुणी लागत नाहीत, तरी वाटतो, आणि त्यांनी मला दोनदा नापास केलं हे मी आता ओळख करून देताना आधी सांगते.

त्यांच्या शेवटच्या दिवशी एकच परीक्षा होती. परभणीची शीतल, नुकतीच आलेली. तिचे वडील ट्रॅक्टर दुरुस्त करतात. अक्कांनी कागदाकडे न बघता सहावी ओळ सांगितली. शीतलने फोन लावला, बाकावर मधोमध ठेवला आणि सगळं नीट सांगितलं. मागे कुठेतरी हातोडीचा आवाज येत होता, तो बंद झाला.

वडील म्हणाले, "म्हणजे डिझेलच्या टाकीला पेट्रोलचं नरसाळं लावल्यासारखं झालं."

"हो बाबा."

"आणि त्यांनी स्वतःहून सांगितलं."

"हो."

"मग त्या बाईचं काय केलं? काढून टाकलं का?"

प्रश्न आला होता. शीतलने अक्कांकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, "सांग की."

"नाही काढलं, बाबा. त्या इथंच आहेत. माझी परीक्षा त्याच घेतायत."

वडिलांनी आवाज खाली आणला.

"त्यांना ऐकू जातंय का मी बोलतो ते?"

"हो. स्पीकरवर आहे."

"बाई," ते म्हणाले, "नमस्कार करतो."

अक्का बाकावरून उठल्या. साडीचा पदर नीट केला आणि त्या फोनसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. परभणीच्या त्या माणसाला ते दिसणार नव्हतं. तरी त्या तशाच उभ्या होत्या, पलीकडे पुन्हा हातोडी सुरू होईपर्यंत.